चिमूटभर भुकटीत दहा गुंठे

सांधेदुखीवरची साधी गोळी घेतली की तासाभरात उतार पडतो आणि दुपार कलली की ठणका पुन्हा डोके वर काढतो. कारण गोळी पोटात लगेच विरघळते. रक्तातील औषधाचे प्रमाण झपाट्याने चढते आणि लवकरच ओसरते. चढावर दुष्परिणामांचे भय, उतारावर औषध असून नसल्यासारखे.

यावर १९५२ मध्ये स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकी कंपनीने ‘स्पॅन्स्यूल’ आणली. तिच्यात कमीअधिक जाडीच्या लेपाचे बारीक दाणे असत; पातळ लेपाचे आधी, जाड लेपाचे नंतर विरघळत. आजच्या ‘एसआर’ गोळ्यांमागेही औषध रोखून धरण्याचाच विचार आहे. म्हणूनच वृद्धांना गिळता येत नाही म्हणून अशी गोळी कुटून देणे घातक ठरते. दिवसभराची मात्रा एकदम अंगात भिनते.

संशोधकांनी पुढे औषध लेपाऐवजी छिद्रांत कोंडून पाहिले. त्यासाठीचा पदार्थ मिळाला तो तेल कंपनीकडून! खनिज तेलाच्या प्रक्रियेसाठी उत्प्रेरक शोधणाऱ्या मोबिलच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये ‘एमसीएम-४१’ जाहीर केला. ही सिलिका, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक. साबणासारख्या रेणूंच्या नळकांड्यांभोवती सिलिका जमू द्यायची आणि मग भट्टीत ते रेणू जाळून टाकायचे. मागे उरतात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, एकसारख्या रुंदीच्या पोकळ नळ्या. ही रुंदी साधारण २ ते १० नॅनोमीटर राखता येते. एका ग्रॅम भुकटीतील पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरते.

माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठातील मारिया व्हॅलेट-रेगी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या नळ्यांत आयबुप्रोफेन हे वेदनाशामक भरले. औषधाच्या द्रावणात भुकटी भिजत ठेवली की रेणू आत शिरून भिंतींना धरून राहतात. पुढे शरीरद्रवासारख्या द्रावणात ते त्याच अरुंद वाटेने हळूहळू बाहेर पडतात. वाट किती रुंद आणि भिंतीची पकड किती घट्ट, यावर वेग ठरतो. भिंतींना अमिनो गट जोडले, तर आयबुप्रोफेनसारखे आम्लधर्मी औषध अधिक काळ धरून ठेवता येते.

तरीही तोंडाशी साचलेले औषध प्रारंभीच भसकन सुटते, ही जुनी डोकेदुखी. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये छिद्रांना चक्क झाकणे बसवली; ठरावीक रसायन भेटले की ती निघत. झाकणे होती कॅडमियम सल्फाइडची. विषारी कॅडमियम रुग्णाला कोण देणार? पण कल्पना टिकली आणि पुढे अनेकांनी निरुपद्रवी झाकणांचा शोध घेतला.

प्रश्न उरतो तो रिकाम्या भांड्याचा. सिलिका हळूहळू सिलिसिक आम्लात विरघळून मूत्रावाटे बाहेर पडू शकते. गोळ्यांमध्ये पूरक द्रव्य म्हणून साधी सिलिका वर्षानुवर्षे वापरली जातेच. मात्र शिरेतून दिलेले कण यकृत आणि प्लीहेत साचतात आणि तेथे किती काळ राहतात, हे कणांच्या आकारावर व घडणीवर अवलंबून असते. त्यामुळे पोटातून देण्याचा मार्ग तुलनेने सोपा ठरला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निरोगी स्वयंसेवकांना सच्छिद्र सिलिकेतून फेनोफायब्रेट हे चरबी कमी करणारे औषध देण्यात आले. तेथे हेतू मात्र उलटा होता: पाण्यात न विरघळणारे हे औषध अरुंद छिद्रांत स्फटिकरूप धरू शकत नाही, त्यामुळे ते अधिक प्रमाणात रक्तात उतरले.