सोय एकाची, किंमत दुसऱ्याची

घरात असूनही ‘बाहेरगावी गेले आहेत’ असा निरोप देणे, लग्नाला जाण्यासाठी तापाचा दाखला जोडणे, न उघडलेल्या कागदाविषयी ‘वर पाठविला आहे’ असे सांगणे, या गोष्टींना सहसा कोणी असत्य म्हणत नाही. व्यवहार म्हणून त्या खपून जातात. ‘यात कोणाचे काय बिघडले?’ हा प्रश्न तयारच असतो. वर्धा जिल्ह्यात तरी तो इतक्या सहज विचारला जाऊ नये. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावी राहावयास आले आणि जे पुढे सेवाग्राम झाले, तेथील आश्रमाच्या एकादश व्रतांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्यच येते.

या प्रश्नाचे उत्तर गांधीजींच्या आत्मकथेतील एका प्रसंगात सापडते. राजकोटच्या हायस्कुलात पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे निरीक्षक तपासणीस आले. त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास दिले. त्यांपैकी ‘केटल’ हा शब्द मोहनदासाने चुकीचा लिहिला. शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहून लिही, असे शिक्षकांनी बुटाच्या टोकाने सुचविले. पण शिक्षक उभे आहेत ते नक्कल होऊ नये म्हणून, अशी त्या मुलाची समजूत होती. बाकी सर्वांचे पाचही शब्द बरोबर निघाले. शिक्षकांच्या मनात दुष्टावा नव्हता. वर्गाची लाज राखावी एवढाच हेतू असावा. परंतु मुलांना काय येत नाही हे कळावे म्हणूनच तपासणी असते. ते झाकले गेले, तर लाज शिक्षकांची राहते आणि शिक्षण मुलाचे अडते.

दुसरे उदाहरण जिल्ह्याच्या उंबरठ्यावरचेच आहे. गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून येथे दारूबंदी आहे, तरी चोरटी दारू पकडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. विकणारा नाकारतो, पिणारा नाकारतो, आणि सर्व पाहणारा शेजारी ‘आम्हांला काय ठाऊक?’ म्हणून मोकळा होतो. भांडण टळते, शेजारधर्म राहतो. मात्र जिच्या मजुरीचे पैसे त्या बाटलीत जातात, त्या बाईला साक्षीदार मिळत नाही.

प्रत्येक असत्य सारखेच निंद्य आहे, असे नव्हे. मरणासन्न रुग्णाला धीर देणाऱ्याला कोणी दोष देणार नाही. तेथे बोलणाऱ्याची सोय नसते, ऐकणाऱ्याचे दुःख असते. रोजच्या बहुतेक लहान असत्यांत हा क्रम उलटा असतो. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाची अडचण क्षणापुरती टळली. प्राण द्रोणाचार्यांचे गेले.

खरे बोलण्यासाठी कठोर व्हावे लागते, हाही एक सोयीस्कर समज आहे. ‘तुमचा कागद अजून पाहिलेला नाही, सोमवारी पाहतो’ हे वाक्य सौम्यपणे उच्चारता येते. ते ऐकून आष्टीहून वर्ध्याला आलेला शेतकरी रागावेल खरा. परंतु दुसऱ्या दिवशीची त्याची खेप, बसभाडे आणि बुडणारी मजुरी वाचेल. ‘वर पाठविला आहे’ या गोड उत्तराने त्याला राग येत नाही. तो पुन्हा येतो, आणि पुन्हा परत जातो. कोणाचे काय बिघडले, हा प्रश्न त्याला विचारून पाहावा.