मुलाचे व्यसन लपवले, तर उपचाराचे दार बंद होते

पोलीस ठाण्यातून फोन येतो. सोळा वर्षांचा मुलगा मोबाइल चोरताना सापडलेला असतो. अब्बा कामावरून तसेच धावतात, अम्मी मामूंना बोलावून घेते. चोरी कशासाठी झाली, हे घरात कोणाला तरी ठाऊक असते. खिशातली गोळ्यांची रिकामी पट्टी, कपड्यांना येणारा सोल्यूशनचा वास सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण 'चोरीचा डाग काय कमी आहे, त्यात नशेचा कशाला?' असे म्हणून सगळे गप्प बसतात.

ही भीती आम्ही समजू शकतो. पण या गप्प बसण्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

मालेगावची 'कुत्ता गोळी', मुंबईतले 'बटन', खोकल्याचे औषध, व्हाइटनर ही नावे आपल्या मोहल्ल्यांना नवी नाहीत. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक गोष्ट ठळकपणे समोर आली. हुंगून नशा करण्याचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर मोठ्यांत ०.५८ टक्के आहे. मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेली ही एकच नशा. या नशेसाठी मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या सुमारे ४ लाख ६० हजार आहे, असा या सर्वेक्षणाचा अंदाज आहे.

कायदा काय देतो?

बालन्याय कायदा, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी एक तरी महिला असते.

मंडळ परिवीक्षा अधिकाऱ्याकडून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागवते. घरची परिस्थिती, शाळा, सोबती यांच्याबरोबर मुलाच्या सवयींची आणि नशेची माहितीही त्यात विचारलेली असते. कलम १८ खाली मंडळ मुलाला व्यसनमुक्ती कार्यक्रमाला पाठवू शकते. कलम ९३ खाली, संस्थेत असलेल्या मुलाला दाखल होऊन उपचार घेण्यासाठी लागेल तेवढ्या काळापुरते व्यसनमुक्ती केंद्रात हलवू शकते.

घरच्यांनी 'पोरगा सुपारीसुद्धा खात नाही' असे लिहून दिले, तर मंडळाला गरज कळणार कशी? मुलगा जामिनावर सुटतो आणि पुन्हा त्याच नाक्यावर, त्याच गोळीपाशी पोहोचतो.

पहिली रात्र महत्त्वाची

झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या रोज घेणाऱ्या मुलाची गोळी एकाएकी तुटली, तर त्याला झटके येऊ शकतात. गर्दची सवय असेल तर उलट्या, जुलाब आणि अंगदुखी सुरू होते. निरीक्षणगृहातल्या कर्मचाऱ्याला ते नाटक वाटू शकते. म्हणून मुलगा काय घेतो, किती घेतो आणि शेवटचे कधी घेतले, हे वैद्यकीय तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना सांगावे.

मनातल्या शंका

'नशेची नवी केस लागेल का?' हा पहिला प्रश्न. यासाठी आधी वकिलाशी बोलावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो; १५१०० वर फोन करता येतो. नशा करणे हा अंमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, पण त्याची शिक्षा एक वर्षापर्यंतच असल्याने बालन्याय कायद्यात तो किरकोळ गुन्ह्यांत मोडतो. अशा बाबतीत सहसा एफआयआर होत नाही, डायरीत नोंद होते.

'नाव खराब होईल' ही दुसरी भीती. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कायद्याने गोपनीय असतो. मुलाची ओळख वर्तमानपत्रात छापता येत नाही. प्रकरण संपल्यावर पोलिसांना चारित्र्याच्या दाखल्यासाठी ही माहिती देता येत नाही.

'मोठ्या नशेबाजांत टाकतील' ही तिसरी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दाखल केलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे लागते आणि त्याच्याजवळ घरचे किंवा त्यांनी नेमलेले माणूस राहते. प्रत्यक्षात मुलांसाठी वेगळी सोय असलेली केंद्रे थोडी आहेत. म्हणून केंद्र कोणते, वेगळा कक्ष आहे का, हे पालकांनी मंडळापुढे विचारलेच पाहिजे. नोंदणी नसलेल्या, साखळीने बांधणाऱ्या जागी मुलाला कधीही पाठवू नये.

आणि ज्याने मुलाच्या हाती गोळी दिली तो? मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली, तर मुलाकडून तो विकवून किंवा वाहून घेणाऱ्याला कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला पुढे करून हे लोक मागे राहतात. हेही वकिलाला सांगावे.

सुटका झाल्यावर

जामीन काही दिवसांत होतो, उपचाराला काही महिने लागतात. त्यामुळे जामिनाच्या वेळीच सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उपचार चालू ठेवण्याचा आदेश मंडळाकडे मागावा. ठरलेल्या तारखेला घरातल्या एकाने मुलासोबत जावे. त्याने पुन्हा एकदा नशा केली, तर सगळे वाया गेले असे समजू नये. या आजारात असे होते. मारहाण करून किंवा गावी पाठवून तो बरा होत नाही. सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि मुलांसाठी १०९८ आहे.

मोहल्ल्यातल्या जाणत्यांना, शिक्षकांना आणि मशिदीच्या जिम्मेदारांनाही आमचे एक सांगणे आहे. अशा घरी चौकशीला जाताना 'काय केले त्याने?' असे विचारू नका. 'मंडळाची तारीख कधी आहे, आम्ही सोबत येऊ का?' असे विचारा. अम्मी-अब्बांना खरे बोलण्याचे धैर्य त्यातूनच येईल.