कांदा, अश्रू आणि प्रिय कथा
(लेखांक सातवा)

डोळ्यांत येणाऱ्या पाण्याचे शरीरशास्त्र तीन प्रकार मानते: डोळा सतत ओला ठेवणारे मूलभूत अश्रू, धूर किंवा तिखटाने येणारे प्रतिक्षिप्त अश्रू आणि भावनेच्या भरात ओघळणारे अश्रू. कांद्याचे अश्रू दुसऱ्या प्रकारातले. हिवाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीचे आवार कांद्याच्या गोण्यांनी भरून जाते, तरी गोणीतला कांदा कोणाचे डोळे झोंबवत नाही. तो चिरल्यावर पेशी फुटतात, त्यांतील गंधकयुक्त द्रव्य आणि विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, एकत्र येतात आणि त्यातून डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हा वायू घडवणारे विकर स्वतंत्र आहे, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले.

न चिरलेला कांदाही रडवू शकतो, ही गोष्ट मात्र रसायनशास्त्राच्या कक्षेबाहेरची आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या पट्टीवर, किलोला एक रुपया भाव धरून आणि वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाऊन, २ रुपये ४९ पैसे उरले व धनादेश दोन रुपयांचा निघाला.

या दोन अश्रूंत रासायनिक फरक असतो काय, हा प्रश्न अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम फ्रे यांनी प्रयोगशाळेत नेला, तोही कांद्याच्याच मदतीने. कांद्याच्या वाफेने आणि करुण चित्रपटाने आलेले अश्रू तपासता भावनिक अश्रूंत प्रथिनांचे प्रमाण अधिक आढळले, असे त्यांनी १९८१ मध्ये मांडले; ताण निर्माण करणारी द्रव्ये रडण्यावाटे बाहेर पडत असावीत, हा तर्क त्यातूनच पुढे आला. तर्क आकर्षक खरा, पण चार थेंबांतून शरीराचा कितीसा निचरा होणार? पुढील संशोधनाने त्याला भक्कम आधार दिलेला नाही.

रडल्याने मन हलके होते, ही समजूतही सरसकट टिकत नाही. रडण्याच्या तीन हजारांहून अधिक प्रसंगांच्या २००८ मधील अभ्यासात बहुसंख्यांना बरे वाटले असले, तरी सुमारे एक तृतीयांश जणांना फरक जाणवला नाही आणि एक दशांश जणांची मनःस्थिती उलट बिघडली. ज्यांना जवळच्यांचा धीर मिळाला त्यांना आराम अधिक पडला. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये चित्रपट दाखवून केलेल्या प्रयोगात रडणाऱ्यांची मनःस्थिती लगेच खालावली, वीस मिनिटांत पूर्ववत झाली आणि दीड तासाने चित्रपटापूर्वीपेक्षाही सुधारली. काळ मोजल्याशिवाय रडण्याचा परिणाम कळत नाही, ही या प्रयोगाची खरी मिळकत होय.

चरकसंहितेने तर अश्रूंना, तेथील शब्दांत 'बाष्पा'ला, रोखू नयेत अशा तेरा शारीरिक वेगांत बसवले आहे. हा वेग दाबल्यास सर्दी, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भ्रम होतात असे सांगून ग्रंथकाराने उपाय दिले आहेत ते झोप, मद्य आणि प्रिय कथा. मद्याचा भाग वैद्यांवर सोपवला, तरी प्रिय कथा ऐकवायला शेजारी कोणीतरी असावे लागते, आणि २००८ च्या अभ्यासात आराम पडलेल्यांपैकी अनेकांच्या शेजारी असे कोणीतरी होते.