पुन्हा स्कूटर घेताना

आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांचा हात हाताच्या गिअरच्या चेतकवर बसलेला. मध्ये बरीच वर्षे गाडी सुटली. आता भाजीला किंवा मंडळात यायला कुणाची वाट बघावी लागू नये म्हणून जुनी स्कूटर घ्यावी, असे मनात येते. जरूर घ्यावी. मात्र आधी लायसन्स काढून बघावे. मुदत संपून वर्ष उलटले असेल, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

गाडी आम्ही बिनगिअरचीच सुचवू. चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी होता. आता दोन्ही ब्रेक हाताशी असतात, आणि ऐन वेळी पाय जुनीच जागा शोधतो. राजवाड्याच्या गर्दीत शिरण्याआधी मोकळ्या मैदानात आठवडाभर सराव हवाच.

गाडी बघायला सकाळी जावे. आधी इंजिनाजवळ हात नेऊन पाहावा. गरम लागले तर समजावे, ती आपण येण्याआधीच सुरू केलेली आहे. टायरवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. आणि डबल स्टँडवर गाडी स्वतः चढवून पाहावी. शंभर किलोच्या आसपास वजन असते. मुलाने चढवून दाखवली, यात आपले काय? बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकायला हवेत.

नोंदणी 15 वर्षांची असते, त्यातली किती उरली ते पाहून भाव करावा. नाव बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, पैसे देतानाच सही करून घ्यावेत.