गाडीचं पाचवं चाक

मुलांनो, एक सोपं कोडं. उसाच्या चारचाकी ट्रॉलीला चाकं किती?

"चार!" असं तुम्ही लगेच ओरडाल. पण थांबा. पुढच्या वेळी रिकामी ट्रॉली उभी दिसली, ट्रॅक्टर सोडलेला असला, की जरा लांबूनच वाकून तिच्या पुढच्या चाकांच्या वर बघा. तिथं एक गोल लोखंडी कडं आडवं बसवलेलं दिसेल. ते रस्त्याला टेकत नाही, तरी फिरतं! ट्रॅक्टर वळला की ट्रॉलीची दांडी वळते, दांडीबरोबर पुढची चाकं वळतात आणि वरचा उसानं भरलेला हौदा त्या कड्यावरून सावकाश मागोमाग येतो. आपल्याकडचे फिटर त्याला टर्नटेबल म्हणतात. इंग्रजी मुलखात घोडागाड्यांच्या काळी अशाच कड्याला नाव पडलं 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवं चाक.

आमच्या गडमुडशिंगीच्या रस्त्यानं हंगामात ट्रॅक्टरामागून ट्रॅक्टर जातात. एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या! तिकडं उजळाईवाडी, गोकुळ शिरगावजवळून पुणे-बेंगळुरू महामार्गावर लांबलचक कंटेनर धावतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ओढणारा वेगळा, ओझं वेगळं आणि दोघांच्या मधे एक सांधा. आज आपण त्या सांध्याची गोष्ट बघू.

उलार गाडी

सांधा म्हणजे नुसता हूक अडकवणं नव्हे. त्याला तीन कामं असतात. ओढायचं, वळू द्यायचं आणि थोडं वजन पेलायचं. पहिली दोन कामं सोपी. तिसरं अवघड, आणि कुठली जोडणी निवडायची ते त्यावरच ठरतं.

हे कळायला बैलगाडी बघा. गाडीला दोन चाकं आणि मधे एक कणा. ऊस भरताना सगळा बोजा मागं गेला तर काय होतं? जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. अशा गाडीला म्हणतात 'उलार'. सगळा बोजा पुढं आला तर? मग बैलांची मान दबते. म्हणून जाणता गाडीवान जू हातानं उचलून बघतो. वजन थोडंसंच पुढं हवं. मानेवर टेकलं पाहिजे, पण मान मोडता कामा नये. शाळेत न गेलेल्या माणसांनासुद्धा हा हिशोब पाठ होता, बरं का!

आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. हिशोब मात्र तोच राहिला.

दोन चाकं की चार?

ट्रॅक्टरची ट्रॉली घ्यायची तर दोन चाकांची की चार चाकांची?

दोन चाकांची ट्रॉली बैलगाडीसारखी. तिच्या ओझ्याचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्यामुळं ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला घट्ट धरतात आणि चिखलातल्या शेतातून ती निघू शकते. मागं घ्यायलाही ती बरी. स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवलं की झालं. पण हूक असतो मागच्या चाकांच्याही मागं. तिथं फार वजन पडलं, की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. चढावर पुढची चाकं हवेत उचललेला ट्रॅक्टर तुम्ही बघितला असेल. मुलं टाळ्या पिटतात. पण पुढची चाकं जमिनीवर नसली तर स्टिअरिंग फिरवून उपयोग काय? ट्रॅक्टर वळणारच नाही!

चार चाकांची ट्रॉली आपलं ओझं आपल्याच चाकांवर घेते. हुकाला फक्त ओढायचं काम. पक्क्या रस्त्यावर जास्त माल न्यायला ती चांगली. मात्र ती मागं घेणं महाकठीण! कारण ती दोन ठिकाणी वळते, एकदा हुकापाशी आणि एकदा पाचव्या चाकापाशी. अशा दोन ट्रॉल्या एकामागं एक लावल्या, तर ड्रायव्हर मागं घ्यायच्या भानगडीत पडतच नाही.

हूक नेहमी खालीच का असतो, माहीत आहे? फार उंचावरून ओढलं, तर ट्रॅक्टर मागच्या मागं उलटू शकतो. जुन्या ट्रॅक्टरांमागं नांगर बांधला आणि तो दगडाला अडकला, की असे अपघात होत. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसानं १९२०च्या दशकात त्यावर उपाय काढला. नांगर तीन दांड्यांनी अशा रीतीनं जोडायचा, की अडकल्यावर वरची दांडी ट्रॅक्टरला पुढं रेटेल. ट्रॅक्टरच्या मागं त्या तीन दांड्या आजही असतात. 'मॅसी फर्ग्युसन' या नावातला फर्ग्युसन तो हाच. पुण्याच्या कॉलेजातला फर्ग्युसन वेगळा हं!

महामार्गावरचं पाचवं चाक

आता महामार्गावरचा कंटेनर बघा. त्याच्या ट्रेलरला पुढं चाकंच नसतात! मग पुढची बाजू टेकते कशावर? ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर. ड्रायव्हर त्या गाडीला 'हॉर्स' म्हणतात, म्हणजे घोडाच की. घोड्याच्या पाठीवर ग्रीस लावलेली एक जाड लोखंडी थाळी असते. ट्रेलरच्या पोटाखाली असतो एक जाड खुंटा, साधारण दोन इंच जाडीचा. घोडा मागं येतो, खुंटा थाळीच्या खाचेत शिरतो आणि लोखंडी जबडे त्याला घट्ट धरतात. या थाळीलाही नाव तेच, फिफ्थ व्हील.

असा ट्रेलर कसा सुचला, त्याचीही गंमत आहे. १९१४ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात एका लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली होडी तळ्यावर न्यायची होती. त्यानं ऑगस्ट फ्रुहाउफ नावाच्या लोहाराला गाठलं. फ्रुहाउफनं फोर्डच्या मोटारीमागं जोडायला एक गाडा बनवला. मग व्यापाऱ्याला लाकडं वाहायलाही तसाच गाडा हवा झाला. बघता बघता लोहाराची ट्रेलरची मोठी कंपनी झाली!

थाळीचा फायदा काय? ओझं मागं लोंबत नाही. ते थेट घोड्याच्या मागच्या चाकांवर पडतं. म्हणून तोंड हलकं होत नाही. वाऱ्याच्या नळ्यांतून ट्रेलरला स्वतःचे ब्रेकही मिळतात. मात्र ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला आणि चाकं घसरली, तर दोन्ही गाड्या घडीच्या चाकूसारख्या मिटू शकतात. म्हणून कंटेनर वळताना त्याच्या कुशीत सायकल घालायची नाही.

अमेरिकेत काही कुटुंबं अख्खं घर मागं बांधून प्रवासाला निघतात. स्वयंपाकघर, पलंग, सगळं ट्रेलरमधे! लहान घर मोटारीच्या मागच्या गोळ्याला जोडतात. तिथं ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर ठेवतात. मोठं घर पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या फिफ्थ व्हीलवर ठेवतात. तिथं भार १५ ते २५ टक्के चालतो, कारण तो चाकांच्या डोक्यावरच पडतो. पिकअपचा हौदा आखूड असेल तर सरकणारी थाळी घेतात. नाहीतर वळताना घराचा कोपरा केबिनवर आदळायचा! आणि भार फार कमी झाला तर? मग ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोकांड्या खातो. म्हणजे गाडी उलार झाली. शब्द आपला, पण नियम तिकडंही तोच!

करून पाहा

३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. १५च्या खुणेखाली पेन्सिल आडवी ठेवा. हा झाला कणा. शून्याचं टोक म्हणजे हूक. एकसारखी पाच नाणी १२च्या खुणेवर रचा. शून्याचं टोक खाली बसेल. आता एक नाणं ३०च्या टोकाजवळ ठेवा. पट्टी जवळजवळ समतोल होईल. याचा अर्थ, पाच नाण्यांतल्या एका नाण्याएवढं वजन हुकावर होतं. म्हणजे २० टक्के. मग ते एकटं नाणं काढा आणि पाचांची चळत १८वर सरकवा. टोक वर उचललं? झाली गाडी उलार!

एवढीशी पिन

एवढं मोठं धूड शेवटी कशावर अडकलेलं असतं? हातभर लांबसुद्धा नसलेल्या एका पिनवर. दोन ट्रॉल्या असल्या तर पहिल्या पिनवर दोघींची ओढ येते. पिन वरून खाली घालायची, म्हणजे ती स्वतःच्या वजनानं जागेवर राहते. खालून तिला क्लिप लावायची, म्हणजे हादऱ्यानं ती उसळून निघत नाही. पिनच्या जागी सळईचा तुकडा कधीच नको. दांडीखालून साखळी फुलीसारखी बांधली, तर पिन तुटली तरी दांडी रस्त्यात रुतत नाही, साखळीवर झेलली जाते. ट्रॅक्टर, हूक आणि ट्रॉली या तिघांना किती वजन झेपतं, ते आधी बघायचं. तिन्हीतला सगळ्यात लहान आकडा, तोच खरा.

आणि आता कान देऊन ऐका. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायला तुमच्यापैकी कितीजण धावतात? कितीजण ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांडीवर बसून शाळेत येतात? सांध्यापाशी सगळं वळतं, हिसके खातं, वर-खाली होतं. तिथून पाय घसरला तर माणूस थेट ट्रॉलीच्या चाकापुढंच पडतो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ड्रायव्हरनं तुम्हाला पाहिलं, तरी मागचं ओझं त्याला ढकलतच राहतं. म्हणून दांडी ही बसायची जागा नाही. ट्रॅक्टर मागं येत असताना पिन घालायला मधे उभं राहायचं नाही. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं तरी नाही.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. पिन धरायला पोराला हाक मारू नका. ट्रॅक्टर पूर्ण थांबू दे, हँडब्रेक लागू दे, मगच मोठ्या माणसानं मधे जावं. ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर असू द्या. रात्री रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

आणि मुलांनो, ऊस खायचाच असेल तर फडात जाऊन मागा. मोळीतला एक ऊस द्यायला कोल्हापूरचा शेतकरी कधी नाही म्हणत नाही!