चूल मांडताना (भाग ७) : बराकीतला स्वयंपाक

मागच्या आठवड्यात आपण डोंबिवलीच्या चाळींत होतो. आज कल्याण ओलांडू.

दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बराकी कल्याणजवळ उभ्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं सरकारनं तिथं नेऊन ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. एरवी गोष्ट इथंच संपवतात. या लाखभर पोटांसाठी रोज कणीक मळली कुणी, हे क्वचितच विचारलं जातं.

लांबलचक बराक, मध्ये गोणपाटाचे नाहीतर चादरींचे पडदे, एकेका पडद्याआड एकेक कुटुंब. शेजारणीच्या फोडणीवरून तिच्याकडे आज काय आहे, नि काय नाही, तेही कळायचं. हैदराबाद, शिकारपूरच्या ऐसपैस घरांतून आलेल्या कित्येकींना हे उघड्यावरचं रांधणंच जड गेलं असणार.

आणि मग पाऊस. सिंधमध्ये वर्षाकाठी जेमतेम सहा-सात इंच. कल्याणला शंभराच्या घरात. सिंधी स्वयंपाकघर कोरड्या हवेच्या भरवशावर चालायचं. कांदा-मिरची घालून मंद आचेवर खरपूस भाजलेली जाड कोकी तिकडे प्रवासातही टिकायची. इकडच्या आषाढात कोरड्या जिनसांनाही बुरशी धरते, हे कोकणातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

पापडाचं तर सगळंच उन्हावर. सिंधी घरात पापड म्हणजे केवळ ताटाची डावी बाजू नव्हे. पाहुण्याला पाण्याबरोबर भाजलेला पापड देतात. कॅम्पात तोच विकायला निघाला. दुकान नको, यंत्र नको, भांडवल थोडं: उडदाचं पीठ, मिरी, जिरं, पापडखार. पीठ तेलाच्या हातानं कुटायचं, लाट्या पाडायच्या, पातळ लाटून बाजेवर वाळत घालायचे. बाई घर न सोडता कमवू शकत होती आणि तयार माल विकायला घरातली पोरं लोकलनं हिंडत होती. उल्हासनगर म्हटलं की लोकांना जीन्स आणि नकली माल आठवतो. मला तरी या गावाच्या व्यापाराचा पाया या पोळपाटांवर दिसतो.

काही पदार्थांनी इथल्या मातीशी जुळवून घेतलं. सिंधी कढीत ताक नसतं. बेसन तेलात खमंग परतून त्याचं पातळ करायचं. त्यात भेंडी, गवार, बटाटा, शेवग्याच्या शेंगा. शेवगा तर आपल्याकडे परसोपरसी. आंबटपणाला चिंच, पण इकडच्या बऱ्याच घरांत कोकमं पडतात, आणि कोकमाचं झाड कोकणपट्टीतलं; सिंधच्या रेताड मुलखात ते कुठून असणार? उलट भे, म्हणजे कमळकाकडी, त्यांनी सोडली नाही. उल्हासनगरच्या बाजारात ती आजही चिखलासकट मिळते.

श्रावणातली थदडी मात्र कुणाही मराठी बाईला ओळखीची वाटेल. आदल्या दिवशी गोड लोले, कोकी करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी चूल थंड, शीतळादेवीची पूजा आणि शिळं जेवण. आपली शिळासप्तमी शुद्ध पक्षात, त्यांची वद्यात. पंधरवड्याच्या अंतरानं कल्याणच्या वाड्यातली आणि बराकीतली, दोन्ही चुली विसावा घ्यायच्या.

पुढच्या भागात ठाण्यातल्या गिरणी कामगारांच्या खाणावळी.