आडवी बाटली आणि तहकूब ग्रामसभा

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उमेदवार नसतात, दोन चित्रे असतात: एक उभी बाटली, म्हणजे दुकान चालू, आणि एक आडवी, म्हणजे बंद. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा शहरी वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. पण आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतांपैकी निम्मी मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा कौल तिला लागतो. समजा, यादीत 800 जणी आहेत. 390 जणी आल्या आणि एकूणएक आडव्या बाटलीच्या बाजूने उभ्या राहिल्या, तरी दुकान चालूच. माहेरी किंवा ऊसतोडीला गेलेल्या बाईचे न पडलेले मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात जाते. अट अन्यायाच्या जवळ जाणारी आहे. तरीही राज्यातल्या अनेक गावांतल्या बायकांनी ती पार करून दाखवली आहे.

आता त्याच गावची ग्रामसभा बघा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात; म्हणजे 1,600 मतदारांच्या गावात 100. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधनच नाही. जे हजर असतील त्यांच्यासमोर तेच विषय मांडले जातात आणि ठराव मंजूर. एकीकडे 401 बायका आल्याशिवाय पान हलत नाही, दुसरीकडे कोणी फिरकले नाही तरी काम अडत नाही. मग ‘लोकांनाच उत्साह नाही’ हे नेहमीचे रडगाणे सुरू होते. ते मला पटत नाही. माणसे तीच, गाव तेच. फरक आहे तो निर्णयानंतर काय घडते याचा. मतदानाच्या निकालाने दुकानाला टाळे लागते. ग्रामसभेच्या ठरावाचे पुढे काय होईल, हे मात्र पुष्कळदा वरची मंजुरी आणि निधी ठरवतो. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून ग्रामसभेला घटनेत जागा दिली खरी, पण तिचे अधिकार किती असावेत हे कलम 243-अ ने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले. सत्तेचा उगम जनतेत असतो, हे तत्त्व नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाठ करायला सोपे आहे. जनतेच्या शब्दावाचून सरकारचे नेमके कोणते काम अडते, हे विचारले की ते कितपत खरे आहे ते कळते.

जिथे असे काही अडते तिथे लोक येतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मात्र बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि त्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला एप्रिल 2011 उजाडला. हक्क कागदावर येणे आणि परवान्यावर सही करण्याचा अधिकार येणे यांत एवढे अंतर असते! ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्रामसभांचे म्हणणे घ्यायला लावले, तेव्हा बाराच्या बारा गावांनी खाण नाकारली आणि 2014 च्या जानेवारीत केंद्राने प्रकल्पाला मंजुरी नाकारली.

ग्रामसभेला असा अधिकार देण्यावरचा सर्वांत जड आक्षेप डॉ. आंबेडकरांचा आहे. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बोलताना त्यांनी गावाला राज्यकारभाराचा पाया मानायला स्पष्ट विरोध केला. गाव म्हणजे त्यांच्या लेखी संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर होते. ते चूक होते असे म्हणण्याची सोय आजही नाही. चावडीसमोर हात वर करून घेतलेल्या ठरावात दुबळ्याचा हात कोणाच्या नजरेखाली वर जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद त्यासाठीच आहे, जरी ती पुष्कळदा रजिस्टरपुरती उरते. पण हा आक्षेप सभेच्या पद्धतीला लागू पडतो, तिच्या अधिकाराला नाही. दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होते ते याच कारणाने: सासऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या देखत बाईला हात वर करावा लागत नाही. गायरानाची जमीन, वाळूचा लिलाव अशा पैशाच्या विषयांवर तीच पद्धत का नसावी?

प्रत्येक गाव असे अडून बसले तर रस्ते आणि धरणे व्हायची कशी, हेही विचारले जाईल. नियमगिरीत न्यायालयाने गावांपुढे सगळा प्रकल्प ठेवला नव्हता. त्यांचे वनहक्क आणि देवस्थानाचा हक्क यांपुरताच प्रश्न ठेवला होता. विषयाला अशी मर्यादा घालता येते. शहराकडे मात्र मर्यादा घालायलाही काही नाही. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या असतात, पण त्यांत सामान्य मतदाराला मत नसते. आणि मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे तिथे नगरसेवकही नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होता. त्या काळातही वॉर्डातल्या बायकांना आडव्या बाटलीची मागणी कायद्याने करता येत होती. नाल्याच्या किंवा पदपथाच्या कामावर असा बांधील कौल देण्याची सोय नव्हती.